पेटीची ओटी

मराठवाड्यातला माणूस दुबईला गेला की वर्षभर त्याचं तिथे भागतं. भाजी मिळते, पीठ मिळतं, तिखटाची मिरचीही मिळते. भाद्रपद आला की मात्र त्याला आघाडा आठवतो. आमच्याकडे गणपतीच्या मागोमाग महालक्ष्म्या येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्या मधल्या दिवशीच्या ताटाला पुरणपोळी लागते, सोळा भाज्या लागतात आणि पूजेला आघाडा, केना, दुर्वा लागतात. आघाडा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतो. चिकलठाण्यात आमच्या शेडमागे तो इतका माजायचा की वॉचमन कंटाळून उपटून टाकायचा. तोच आघाडा थंडीत ठेवून विमानाने पाठवायचा हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग किती घरांची मागणी आहे ते ऐकलं आणि कामाचं बोलायला लागले.

माझं मूळ काम पोळ्यांचं. पुरणपोळ्या, धपाटी, थालीपिठं करायची, निववायची, गोठवायची, खोक्यात भरून मुंबईच्या विमानतळावर धाडायची. इथला विमानतळ आमच्या शेडपासून जवळ आहे. विमान उतरताना पत्रा थरथरतो. पण बाहेरदेशी जाणारा आमचा माल मुंबईहूनच चढतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. रस्ता आहे, गाडी आहे.

गाडी भाईसाहेबांची. छावणीत राहतात, घरात पिढ्यान्‌पिढ्या फळांचा व्यापार. थंड गाडी त्यांची, माल बाहेर पाठवण्याचा परवाना त्यांचा, मुंबईतला क्लिअरिंग एजंटही त्यांच्याच ओळखीचा. मी बनवते आणि बांधते, ते पाठवतात, अशी आमची भागीदारी. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "ताई, कागद पे जो लिखा वही डब्बे में. ना कम, ना जादा." मी ती भिंतीवर लिहून लावावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी लावली नाही. तोंडी सांगितलं की बायकांच्या लक्षात राहतं असा माझा अनुभव होता.

दुबईतला दुकानदार मूळचा परभणीचा, माझ्यापेक्षा वयाने लहान, मला काकू म्हणतो. तो आमच्याकडून होळीला आणि दिवाळीला पोळ्या घ्यायचा, मधल्या महिन्यांत काही नाही. एवढ्यावर आठ बायकांना बारा महिने काम देता येत नव्हतं. हंगाम संपला की मी चौघींना घरी बसवायची आणि पुढच्या हंगामाला त्या आल्या नाहीत तर नव्या शोधायची. त्या वर्षी त्याने फोन करून सांगितलं, महालक्ष्म्यांसाठी आघाडा-केना आणि सोळा भाज्यांच्या पेट्या वेळेवर पोचवा, माल चांगला निघाला तर ताज्या भाजीचं काम तुमच्याकडेच, दर आठवड्याला, वर्षभर. त्याच्या शब्दावर मी पालेभाजीसाठी दुसरी थंड खोली भाड्याने घेतली. बायकांना गोल उभं करून सगळं सांगितलं. पेट्या नीट गेल्या तर कोणालाच घरी बसावं लागणार नाही. नाही गेल्या तर काय, तेही सांगितलं. लपवून ठेवण्याची माझी पद्धत नाही. पुढे जे झालं त्याला हे सांगणंही थोडं कारण झालं असं आता वाटतं, पण सांगितलं नसतं तर तेही चूकच होतं.

बांधणीचं काम मावशीच्या हाताखाली चालायचं. मावशी बदनापूरकडची, साठीला आलेली, मुकुंदवाडीत मुलाकडे राहते. सगळ्या तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिने बांधलेली पेटी उलटी केली तरी आतलं पान हलत नाही. आणि शंभर पेट्या बांधल्या तर शंभरही सारख्या: देठ एका बाजूला, शेंडे एका बाजूला, मध्ये ओला कागद, कोपऱ्यात बर्फाची पिशवी.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती ती वेगळ्याच गोष्टीने. आमच्या खोक्यांवर शहराचं जुनं नाव छापलेलं होतं आणि कागदांवर नवं. यावरून कोणी अडवलं तर काय, म्हणून मी प्रत्येक खोक्यावर नव्या नावाचा स्टिकर स्वतः चिकटवला. भाज्यांच्या मुळांना माती राहिली तर तपासणीत माल परत येतो, म्हणून आघाड्याची मुळं छाटून घेतली. छाटलेला आघाडा पूजेला चालतो का यावर बायकांत बरीच चर्चा झाली. शेवटी मावशीने निकाल दिला की देवी दुबईपर्यंत जाते तर तिला एवढं चालवून घ्यावं लागेल. कढीपत्ता मी घेऊच दिला नाही, कारण तो कागदावर नव्हता. एका बाईने दोन काड्या तरी टाकू म्हटलं तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हणजे कागदावर नसलेलं काही टाकायचं नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

गाडी संध्याकाळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोचले तर भाईसाहेब माझ्या आधी येऊन उभे. ते फोनवर काम करणारे, शेडवर क्वचितच येतात. मुंबईहून एजंटचा फोन आला होता. पोळ्या पुढे गेल्या, भाजीच्या सगळ्या पेट्या अडवल्या. स्कॅनिंगच्या पडद्यावर प्रत्येक पेटीत एक गोल, टणक दाणा दिसत होता. प्रत्येक पेटीत एकच, आणि प्रत्येक पेटीत त्याच कोपऱ्यात. एखाद-दुसऱ्या पेटीत दिसला असता तर खडा म्हणून सोडून दिला असता, असं एजंट म्हणाला. सगळ्यांत एकाच जागी म्हणजे मुद्दाम ठेवलेलं. एक पेटी उघडली तर कागदाची पुडी, पुडीत लाल-पिवळी पूड, तांदूळ आणि सुपारी. मावशीचं काम एकसारखं असतं, ते असं नडलं.

मी आत गेले. मावशी ओटा पुसत होती.

"मावशी, काल भाजीच्या पेट्यांत काय काय भरलंत?"

तिने पाठ असल्यासारखं सगळं सांगितलं. आघाडा, केना, दुर्वा, अंबाडी, चुका, पडवळ, दोडका, शेवटपर्यंत.

"आणखी काय?"

"आणखी काय नाय."

"सुपारी?"

"ती व्हय. ती ओटी हाय." पेटीला झाकण का लावलं असं मी विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकटीने केलेलं नव्हतं. बायकांनी आपापसात ठरवून तांदूळ एकीने आणले, हळद-कुंकू दुसरीने, सुपाऱ्या गुलमंडीतून मावशीने. मला कोणी सांगितलं नाही, कारण हे सांगण्यासारखं आहे असंच कोणाला वाटलं नाही. कढीपत्ता म्हणजे माल, तो कागदावर पाहिजे हे त्यांना पटत होतं. ओटी हा माल नव्हताच. त्यातून या खेपेवर सगळ्यांचं काम अवलंबून आहे हे मीच सांगितलेलं, तेव्हा ती बिनओटीची जाऊ द्यायला त्यांचं मन धजेना.

"महालक्ष्मीची पेटी हाय ताई. माहेराहून चालली. रिकामी कशी धाडायची?"

"रिकामी नव्हती, मावशी. भाजीने भरलेली होती."

"भाजी पोटाला. ओटी येगळी."

भाईसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. ओटी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, या गावात जन्म गेला त्यांचा. पण चिडले होते. "मावशी, उधर का अफसर तुमचा जावई लागतो काय?"

"जावई असता तर उघडून बघितली नसती," मावशी म्हणाली.

मागे दोघी-तिघी हसल्या. मी वळून पाहिलं तेव्हा थांबल्या.

एजंटने दोनच वाटा सांगितल्या होत्या. भाजीचा माल मागे घ्या आणि पोळ्या तेवढ्या जाऊ द्या, किंवा परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याने स्वतः यावं, अधिकाऱ्यासमोर प्रत्येक पेटी उघडावी, पुडी काढावी, पेटी पुन्हा बंद करावी, आणि मग पुढचं विमान. पुढचं विमान म्हणजे माल पूजेच्याच दिवशी पोचणार. मी परभणीवाल्याला फोन लावला. पोळ्या वेळेवर येताहेत, भाजीचं अवघड आहे, असं सरळ सांगितलं. तो म्हणाला, "काकू, पोळ्या मी इथं लाटून घेईन कोणाकडून तरी. आघाडा कुठून आणू?"

भाईसाहेब त्याच सकाळच्या विमानाने मुंबईला गेले. परवान्यावर नाव त्यांचं होतं, माझ्या जाण्याचा काही उपयोग नव्हता. जाताना मुंबईत थांबलेल्या ड्रायव्हरला फोनवर तेवढं म्हणाले की गाडी चालू ठेव, आतला थंडावा जाऊ देऊ नकोस. पण पेट्या गाडीत नव्हत्याच. त्या विमानतळाच्या शेडमध्ये, जमिनीवर रचलेल्या होत्या.

मी दिवसभर बायकांना पोळ्यांना बसवलं. रिकामं बसवलं असतं तर बडबड झाली असती. पुरण दोनदा सैल झालं, एकदा लागलं. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता: पाला किती वेळ बाहेर राहिला, अजून किती राहील. केना सगळ्यांत आधी जाणार. दुर्वा टिकतील. आघाडा टिकायला हवा. पण ओल्या कागदात, उघड्यावर, मुंबईच्या दमट हवेत कुठलाच पाला फार काळ तग धरत नाही.

तिथे काय झालं ते भाईसाहेबांनी परत आल्यावर सांगितलं, आणि राग उतरलेला असल्यामुळे थोडं रंगवूनच सांगितलं. अधिकारी उत्तरेकडचा कोणी तरुण होता. त्याने पुडी हातावर घेऊन विचारलं, हे काय. भाईसाहेबांनी सांगितलं, हमारे तरफ बेटी घर से जाती तो झोली में ये डालते. त्याने विचारलं, बेटी कौन. "मैंने बोला, ये भाजी." तो हसला, पण एकही पेटी न उघडता सोडली नाही. त्याचंही बरोबर होतं. कोणत्या पेटीत काय आहे हे त्याने आमच्या शब्दावर कशाला मानावं?

दुपारभर भाईसाहेब पेट्या उघडून पुड्या काढत बसले. पुड्यांतलं कुंकू ओल्या कागदामुळे पाझरलं होतं. त्यांच्या पांढऱ्या कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या. तिथला एक हमाल मराठी होता, त्याने विचारलं, "चाचा, कोणाच्या डोहाळजेवणाला जाऊन आलात?" भाईसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या बायका मनापासून हसल्या. तेवढ्यापुरतं शेडमधलं वातावरण हलकं झालं.

काढलेल्या पुड्या त्यांनी तिथे टाकल्या नव्हत्या. कापडी पिशवीत भरून परत आणल्या होत्या. ती पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "कुठं टाकायचं मला समजलं नाही. तुमचं तुम्ही बघा." मावशीने पिशवी उचलली आणि घरी नेली. तिचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

पूजेच्या दिवशी दुपार उलटल्यावर दुबईहून फोन आला. पेट्या पोचल्या होत्या, पण तोवर घराघरांत नैवेद्य होऊन गेला होता. काही बायकांनी पालकाच्या पानांवर भागवलं होतं. काही वाट बघत थांबल्या होत्या, त्यांनी संध्याकाळी पूजा केली. दुर्वा चांगल्या निघाल्या. दोडके, पडवळ ठीक. केन्याचा चिखल झाला होता आणि आघाडा देठाशी काळा पडला होता. पोळ्यांची त्याने तारीफ केली, एक नंबर म्हणाला, आणि त्याच दमात म्हणाला की भाजीचं मी दुसरीकडे बघतो.

मी म्हटलं, एक चूक झाली, ती पुन्हा होणार नाही, एकदा आणखी बघा.

"काकू, मी दुकानात उभा होतो. बायका सकाळी नऊवारी नेसून पेटी घ्यायला आल्या होत्या. त्यांना काय सांगू, ओटी भरली म्हणून उशीर झाला?"

मी फोन ठेवला. ते काम नाशिककडच्या कोणाकडे गेलं असं नंतर कळलं.

भाईसाहेबांचं म्हणणं पडलं की मावशीला काढा. रागाने नव्हे, शांतपणे म्हणाले. माणूस चांगलं आहे, पण उद्या पुन्हा काही ठेवेल, आणि परवाना माझा जाईल. मी नाही म्हटलं. दया नव्हती त्यात. तिच्यासारखी पेटी बांधणारी मला मिळाली नसती, आणि काढायचं तर आठही जणींना काढावं लागलं असतं, कारण पुड्या सगळ्यांनी बांधल्या होत्या. शेवटी असं ठरलं की गाडीत चढण्यापूर्वी त्यांचा ड्रायव्हर वाटेल ती पेटी उघडून बघेल. मावशीला हे फार लागलं. बाप्या माणसाने तिची बांधलेली पेटी उघडायची, हा तिला अपमान वाटला. मी तिला समजावत बसले नाही. हा नियम होता.

घरी बसवायच्या चौघींची नावं मी एका दुपारी सांगितली. ज्यांना दुसरीकडे काम मिळेल त्या आधी, असा माझा हिशोब. दोघी तरण्या होत्या, वसाहतीत कुठल्याही कंपनीत लागल्या असत्या. एकीचा नवरा कमावता होता. चौथीच्या बाबतीत मला खात्री नव्हती, पण चारचा आकडा पुरा करायचा होता. कोणी भांडलं नाही. चौथी तेवढी म्हणाली, "ताई, दिवाळीपुरतं तरी?" मी म्हटलं, दिवाळीला बोलावीन. बोलावलंही. तोवर ती एका रुग्णालयात साफसफाईला लागली होती, आली नाही.

त्यांचा शेवटचा दिवस संपल्यावर मावशी माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं माफी मागायला आली असेल, आणि मला ती नको होती.

"ताई, येक इचारू?"

"विचारा."

"मुंबईला पेट्या धरल्या तवा आघाडा हिरवा हुता न्हवं?"

होता, मी म्हटलं.

"आन ओटी काढल्यावर काळा पडला."

"मावशी, पेट्या उघड्या पडल्या म्हणून काळा पडला. गरमीने."

"उघडल्या कशापायी? ओटी काढायला." ती शांत होती. "काढली नसती तर गेला असता हिरवाच."

मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. स्कॅनिंग, पडद्यावरचा दाणा, कागद, अधिकारी, विमान चुकणं. तिने ऐकून घेतलं. तिला प्रत्येक पायरी कळत होती, हे मला दिसत होतं. पण त्या सगळ्या पायऱ्या तिच्या दृष्टीने नंतरच्या होत्या. कोणीतरी माहेरच्या पेटीतली ओटी उपसली, आणि चौघींच्या पोटावर पाय आला तो त्यामुळेच. तिला माझा राग नव्हता, भाईसाहेबांचाही नव्हता. जे नडलं ते काय हे तिला नक्की ठाऊक होतं आणि मलाही. दोघींचं उत्तर वेगळं होतं, एवढंच.

"मंग आता जाणाऱ्या समद्या पेट्या अशाच धाडायच्या?" तिने विचारलं.

"हो. अशाच."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला अडकवून रिक्षाच्या वाटेने गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, कामाला लागली. तिच्या पेट्या पहिल्यासारख्याच एकसारख्या असतात. ड्रायव्हर उघडून बघतो, काही सापडत नाही. पण पूर्वी ती पेटीला शेवटची पट्टी लावताना काहीतरी पुटपुटायची, आता पुटपुटत नाही. मला आधी त्या पुटपुटण्याचा त्रास व्हायचा, कामात वेळ जातो म्हणून मी एकदा बोललेही होते.

पालेभाजीची खोली मी महिनाअखेरीस सोडून दिली. घरमालकाने यंत्र बंद केलं तेव्हा आतल्या भिंतींना पाणी सुटलं आणि दोन दिवस ते गळत राहिलं. चौघी उरलेल्या, त्यांनीच ते पुसून काढलं.